जमैकाबाहेरचा रेगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगे हा जमैका या कॅरिबियन बेटावर जन्मलेला संगीतप्रकार. लंडन, टोरांटो आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या जमैकन वादकांनी जे संगीत केले, त्याविषयीचे हे प्रश्न आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे बरेच आहे.

रेगे तर जमैकाचा. मग परदेशातल्या रेगेचा वेगळा इतिहास कशाला?

कारण त्यातला बराचसा भाग जमैकात घडलाच नाही. किंग्स्टनमध्ये हे संगीत आकार घेत होते त्याच वर्षांत ते घडवणारी कितीतरी माणसे बोटीने आणि विमानाने बाहेर पडत होती. परक्या शहरात दिवसा मिळेल ती नोकरी करून रात्री आणि शनिवार-रविवारी त्यांनी वाजवले, रेकॉर्ड केले, स्वतःची लेबले काढली. ‘लव्हर्स रॉक’ हा प्रकार जन्मला लंडनमध्ये. वॅकीज लेबलचा धुकट, जड आवाज न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. जॅकी मिट्टू हा रेगेचा सर्वांत प्रभावी ऑर्गनवादक. त्याने आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षे टोरांटोला घर केले आणि 1990 साली तिथेच त्याचे निधन झाले. इतिहास मात्र किंग्स्टनहून निघतो, बॉब मार्लीपाशी थांबतो आणि ही माणसे मध्येच गळून पडतात.

स्का, रॉकस्टेडी, रेगे, डब: कानाने फरक कसा ओळखायचा?

चार मात्रा मोजा. स्का (साधारण 1960 ते 1966) जलद असतो. गिटार किंवा पियानो मात्रांच्या मधल्या जागांवर टोचत जातो आणि पितळी वाद्ये पुढे असतात. रॉकस्टेडी (1966 ते 1968) मध्ये लय निम्म्यावर येते, वाद्ये कमी होतात आणि बेस गिटार गाऊ लागते. 1968 पासून रेगे: ऑर्गनची दुहेरी खुडबुड आणि पुढे ‘वन ड्रॉप’ ठेका.

वन ड्रॉप मराठी कानाला समजावणे सोपे आहे. पहिल्या मात्रेवर मोठा ढोल वाजतच नाही. आघात येतो तिसऱ्या मात्रेवर. रूपक तालात समेवरच खाली असते, तशी ही समेवरची मोकळी जागा. ती भरून काढायचा मोह झाला की ठेका बिघडतो. रॉक वाजवणारे ढोलवादक पहिल्यांदा रेगे वाजवतात तेव्हा नेमके हेच होते.

डब म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणातले गायन वगळून, ढोल आणि बेस ठेवून, बाकीची वाद्ये प्रतिध्वनीत बुडवून केलेली आवृत्ती. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ती ‘व्हर्जन’ या नावाने असते.

हे वादक कधी आणि कसे बाहेर पडले?

ते कुठे गेले हे बरेचसे कायद्यांनी ठरवले. 1952 च्या अमेरिकन कायद्याने वसाहतींतून येणाऱ्यांना वर्षाला प्रत्येकी जेमतेम 100 जागा ठेवल्या, म्हणून जमैकन लोक ब्रिटनकडे वळले. तिथे ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज जून 1948 मध्येच टिलबरी बंदराला लागले होते. जुलै 1962 मध्ये ब्रिटनने दार अरुंद केले. 1965 साली अमेरिकेने कायदा बदलून आपले दार उघडले. कॅनडात 1955 पासून घरकामासाठी कॅरिबियन बायकांना आणण्याची योजना होती, आणि 1967 पासून गुणांवर आधारित प्रवेश सुरू झाला. म्हणून 1950 च्या दशकात निघालेला वादक बहुधा लंडनला सापडतो, आणि 1967 नंतर निघालेला टोरांटो किंवा न्यूयॉर्कला. जुन्या रेकॉर्डवरचे नाव शोधताना ही खूण फार कामी येते.

इतके सगळे वादक एकाच शाळेतले कसे?

ती किंग्स्टनची अल्फा बॉइज स्कूल. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली, अनाथ आणि गरीब मुलांची निवासी शाळा. तिथे मुलांना हातचे काम शिकवत, तसेच बँडमध्ये वाजवायलाही. सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी अनेक दशके तिथल्या संगीताकडे लक्ष दिले. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि रिको रॉड्रिगेझ, सॅक्सोफोनवादक टॉमी मकूक आणि जो हॅरियट, ट्रम्पेटवादक एडी ‘टॅन टॅन’ थॉर्नटन आणि जो-जो बेनेट हे सगळे तिथले. स्वरलिपी वाचता येत असल्यामुळे परदेशात त्यांना जाझ आणि पॉपच्या ध्वनिमुद्रणातही काम मिळे. थॉर्नटन 1966 साली बीटल्सच्या ‘गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ’ या गाण्यात ट्रम्पेट वाजवतात. ते गाणे लाखोंनी ऐकले आहे, पण तो ट्रम्पेट जमैकन माणसाचा आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

साउंड सिस्टिम म्हणजे आपला गणपतीतला डॉल्बीच का?

दिसायला जवळचा, वापरायला वेगळा. साउंड सिस्टिम म्हणजे स्पीकरच्या खोक्यांचा संच आणि तो चालवणारी टोळी, दोन्ही मिळून. टोळीत सिलेक्टर रेकॉर्ड निवडतो, ऑपरेटर आवाजाचे गुण-प्रमाण सांभाळतो, आणि डीजे माइकवर बोलतो, तालात शब्द फेकतो. जमैकन भाषेत डीजे म्हणजे बोलणारा, रेकॉर्ड लावणारा नव्हे; मुलाखती वाचताना इथे हमखास गोंधळ होतो. शिवाय खोकी वाहणारी माणसे असतात, त्यांच्याशिवाय काहीच हलत नाही.

जुन्या संचात एकच टर्नटेबल असे. दोन रेकॉर्डच्या मधली शांतता डीजे भरून काढी. त्यापुढे प्री-अँप्लिफायर, मग व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि शेवटी कपाटाएवढी लाकडी खोकी, त्यात बहुधा 18 इंची स्पीकर. खर्ज, मध्य आणि तार यांसाठी वेगळी खोकी.

बिघाड नेहमीचे आणि ठरलेले. खर्जाची कंपने जमिनीतून टर्नटेबलच्या सुईपर्यंत पोचतात आणि घुमणारा हुंकार सुरू होतो. उपाय म्हणजे टर्नटेबल जड फरशीवर ठेवणे आणि फरशीखाली जाड फोम. दुसरे, 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार 4 ओहम होतो. अँप्लिफायरचे जोडटोक त्याला जुळणारे नसेल तर तो तापतो. तिसरे, स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर पूर्ण आवाजात चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि 1950-60 च्या दशकांत लंडनच्या भाड्याच्या घरांत नाणे टाकून चालणारे विजेचे मीटर सर्रास होते. तळघरातल्या पार्टीत नाणी संपली की संगीतही संपे.

लंडनमध्ये हे कोणी सुरू केले?

ड्यूक विन यांचे नाव सर्वांत आधी घेतात. 1950 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी लॅडब्रोक ग्रोव्ह भागात आपला संच उभा केला. त्यांचे मित्र आणि प्रतिस्पर्धी काउंट सकल यांनी कार्नबी स्ट्रीटवरच्या ‘रोअरिंग ट्वेंटीज’ क्लबमध्ये वाजवले आणि पुढे पॅडिंग्टनला स्वतःचा क्लब काढला. दोघेही जहाजात लपून इंग्लंडला आले होते.

घरांतल्या पार्ट्यांना ‘ब्लूज’ म्हणत. हौस हे त्यांचे अर्धेच कारण होते. अनेक पब आणि नृत्यगृहे काळ्या माणसांना आत घेत नसत, म्हणून तळघर रिकामे करून तिकीट लावले जाई. बकऱ्याची करी आणि रम विकून घरभाडे निघे. होय, जमैकाची ‘करी गोट’ हिंदुस्थानी मजुरांनीच तिथे नेलेली आहे.

या पार्ट्या आणि संचांसाठी रेकॉर्ड आणणारी पहिली मोठी साखळी एमिल शालिट यांच्या मेलोडिस्क कंपनीची. 1960 साली तिने ‘ब्लू बीट’ हे लेबल काढले आणि ते इतके चालले की ब्रिटनमध्ये स्काला लोक ब्लू बीटच म्हणू लागले.

डबप्लेट म्हणजे काय? ती इतकी महाग का?

ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारख्या मऊ थराचा लेप, आणि त्यावर एकच प्रत थेट कोरलेली. बहुधा 10 इंची. कारखान्यात छापलेली रेकॉर्ड हजारोंकडे असते. डबप्लेट फक्त त्या एका संचाकडे. गायक त्या संचाचे नाव घेऊन तेच गाणे पुन्हा गातो, आणि दोन संचांच्या जुगलबंदीत ते वाजले की समोरचा गप्प होतो. थर मऊ असल्याने काही डझन वेळा वाजवल्यावर वरचे स्वर झिजतात, मग खरखर वाढते. त्यामुळे खूप वाजलेली डबप्लेट संग्राहकाला मौल्यवान वाटली तरी ऐकायला निराश करते. डिजिटल नक्कल करायची तर पहिल्याच वाजवण्यात करावी.

रेकॉर्ड खपत होत्या, तर ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत (चार्टमध्ये) त्या का दिसत नाहीत?

या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न.

विक्रीची यादी ठराविक दुकानांकडून आलेल्या आकड्यांवर बनत असे. ब्रिक्स्टन, हार्लेस्डेन, हँड्सवर्थ इथली रेगेची छोटी दुकाने बहुधा त्या यादीत नसत. म्हणजे एखादे गाणे त्या दुकानांतून हजारोंनी गेले तरी मोजणारा तिथे उभाच नव्हता. त्यातच जमैकाहून आलेल्या आगाऊ प्रती, ज्यांना ‘प्री’ म्हणत, कोऱ्या किंवा रबरी शिक्का मारलेल्या लेबलच्या असत. त्यांची किंमत जास्त, मागणी जास्त, नोंद शून्य. यादीत नाही म्हणून रेडिओवर नाही, रेडिओवर नाही म्हणून मोठ्या दुकानात नाही: असा फेरा होता.

त्यातून सुटायला कंपन्यांनी एक युक्ती केली. किंग्स्टनहून आलेल्या टेपवर लंडनमध्ये व्हायोलिनचा ताफा चढवायचा, म्हणजे रेडिओला ते गोड वाटेल. ट्रोजन लेबलच्या 1970 च्या सुमाराच्या अनेक गाण्यांत ही तंतुवाद्ये ऐकू येतात. काही जाणकारांना ती खटकतात. आमच्या मते ती ऐकावीत, कारण दार उघडायला काय किंमत द्यावी लागली ते त्यांतच ऐकू येते.

मधूनच दार उघडलेही. मिली स्मॉलचे ‘माय बॉय लॉलीपॉप’ 1964 साली ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेले. ते लंडनमध्ये रेकॉर्ड झाले आणि त्याची रचना गिटारवादक अर्नेस्ट रँगलिनने बांधली. स्पेन्सर डेव्हिस ग्रुपचे 1966 चे पहिल्या क्रमांकाचे ‘कीप ऑन रनिंग’ लिहिले जॅकी एडवर्ड्सने, जो जमैकाहून लंडनला आलेला गायक होता. ‘रूडी, अ मेसेज टू यू’ हे गाणे डँडी लिव्हिंगस्टनने 1967 साली लंडनमध्ये केले. बारा वर्षांनी स्पेशल्स या इंग्लिश बँडने ते पुन्हा गायले. दोन्ही ध्वनिमुद्रणांत ट्रॉम्बोन एकाच माणसाचा आहे, रिको रॉड्रिगेझचा. दोन्ही लागोपाठ ऐका.

लव्हर्स रॉक म्हणजे काय?

जमैकन रेगेचा बेस, अमेरिकन सोलची गायकी आणि लंडनच्या शाळकरी वयाच्या मुलींचे आवाज. 1975 साली लुइसा मार्कचे ‘कॉट यू इन अ लाय’ आले, त्यापासून हा प्रवाह मोजतात. जॅनेट केचे ‘सिली गेम्स’ 1979 साली ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. निर्माता होता डेनिस बोवेल. तो जन्माने बार्बाडोसचा, म्हणजे परदेशातला रेगे हा फक्त जमैकनांचाही राहिला नव्हता. बोवेलची साउंड सिस्टिम होती. 1974 मध्ये लंडनच्या क्रिकलवुड भागातल्या एका क्लबवर पोलिसांची धाड पडली, त्या प्रकरणात त्याला तुरुंगात जावे लागले. पुढे अपिलात शिक्षा रद्द झाली. साउंड सिस्टिम चालवणे किती धोक्याचे होते, हे त्यावरून कळते.

टोरांटोची गोष्ट इतकी कमी का ऐकू येते?

तिथे रेकॉर्ड कमी प्रतींत निघाल्या आणि कॅनडाबाहेर गेल्याच नाहीत.

मिट्टू 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथे पोचला. त्याआधी तो किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचा संगीत-संचालक होता. त्याने बांधलेल्या चालींवर आजही नवी गाणी होतात. टोरांटोत तो हॉटेलांच्या लाउंजमध्ये ऑर्गन वाजवत असे. 1971 पासून कॅनडाच्या रेडिओला ठराविक प्रमाणात देशी संगीत लावणे सक्तीचे झाले, आणि त्या गरजेपोटी ‘कॅनेडियन टॅलेंट लायब्ररी’साठी त्याने ‘रेगे मॅजिक’ हा अल्बम केला. तो मुख्यतः रेडिओ केंद्रांसाठी होता, म्हणून आज दुर्मीळ. 1971 चा ‘विशबोन’ त्याहून सहज मिळतो आणि आधी तोच ऐकावा.

हेप्टोन्स या जमैकन गटाचा गायक आणि बेसवादक लिरॉय सिबल्स 1973 साली आला. जॉनी ऑसबोर्न 1969 ते 1979 तिथे होता. जो-जो बेनेट 1967 च्या माँट्रियल प्रदर्शनाच्या निमित्ताने आला आणि राहिला. स्ट्रेंजर कोलने केन्सिंग्टन मार्केटमध्ये रेकॉर्डचे दुकान घातले. माल्टन उपनगरात जेरी ब्राउनने तळघरात ‘समर रेकॉर्ड्स’चा स्टुडिओ चालवला, नोएल एलिसचा अल्बम तिथला. माँटेगो बेहून आलेल्या वेन मॅगीचा 1970 चा अल्बम एका कंपनीच्या स्वस्त मालिकेत निघाला आणि विसरला गेला. हिपहॉपवाल्यांनी त्यातला ढोलाचा तुकडा शोधून काढला, आणि 2004 साली सिॲटलच्या ‘लाइट इन द ॲटिक’ने तो पुन्हा छापला. त्याच लेबलचा 2006 चा ‘जमैका टू टोरांटो’ हा संग्रह या शहरासाठी सर्वांत सोपे प्रवेशद्वार आहे.

आज जाऊन पाहायचे तर एग्लिंटन अव्हेन्यू वेस्टवरचा ‘लिटल जमैका’ भाग. ओकवुडजवळच्या एका गल्लीला ‘रेगे लेन’ नाव दिले आहे. 2011 पासूनच्या मेट्रो-बांधकामाने तिथली कितीतरी दुकाने बसली.

आणि न्यूयॉर्क?

ब्राँक्समध्ये व्हाइट प्लेन्स रोडवर उन्नत रेल्वेच्या रुळांखाली जमैकन वस्ती जमली. तिथे लॉइड बार्न्स यांनी 1970 च्या दशकात वॅकीज स्टुडिओ आणि लेबल उभे केले. होरेस अँडीचा ‘डान्स हॉल स्टाइल’ (1982) तिथला. 2001 पासून बर्लिनच्या बेसिक चॅनल या टेक्नो लेबलवाल्यांनी हे अल्बम पुन्हा काढले, म्हणून आज ते मिळतात.

क्वीन्समध्ये, तेही योगायोगाने जमैका नावाच्याच वस्तीत, व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन यांनी 1979 साली व्हीपी रेकॉर्ड्स सुरू केली. त्याआधी किंग्स्टनमध्ये त्यांचे रँडीज हे दुकान आणि स्टुडिओ होता. किंग्स्टनमध्ये जन्मलेला कूल हर्क 1967 साली ब्राँक्सला आला. 11 ऑगस्ट 1973 च्या त्याच्या पार्टीपासून हिपहॉपचा आरंभ धरतात.

पैसे कोणाला मिळाले?

बहुतेकदा वादकाला नाही. त्याला गाण्यामागे ठरलेली रक्कम रोख मिळे, कागद क्वचित होई. निर्माता टेपचा मालक. तो तीच टेप लंडनच्या दोन कंपन्यांनाही देई. शिवाय रेगेत एकाच चालीवर, म्हणजे ‘रिडिम’वर, डझनावारी गाणी होतात, आणि हक्काची नोंद शब्द व गायनाच्या चालीला मिळते, बेसच्या ओळीला नाही. उदाहरण घ्या. ‘फुल अप’ हे स्टुडिओ वनचे वाद्यसंगीत. मिट्टू आणि सिबल्स त्या काळी तिथले मुख्य वादक. त्यावर माइटी डायमंड्स या जमैकन गटाने ‘पास द कूची’ केले, आणि त्यावरून बर्मिंगहॅमच्या मुलांच्या म्युझिकल यूथने 1982 साली ‘पास द डची’. गांजाच्या चिलमीचे स्वयंपाकाचे भांडे झाले आणि गाणे ब्रिटनमध्ये पहिले आले. गीतकारांत मिट्टूचे नाव आहे. असे नाव लागलेले वादक थोडे.

यात भारताचा, मराठी माणसाचा काही संबंध?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. 1845 ते 1917 या काळात सुमारे 36,000 हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, जमैकाला गेले. ‘गांजा’ हा शब्द तिथे त्यांनीच नेला. ते मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातले होते. ट्रोजनचे ली गोप्थल जमैकन-भारतीय वंशाचे; पॅट्रिशिया चिन यांचे वडील भारतीय कुळातले.

मराठी धागा जाझमधून येतो. अल्फाचा विद्यार्थी जो हॅरियट 1951 साली लंडनला आला. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्याने कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्याबरोबर इंडो-जाझची मोट बांधली. त्यात तबला मुंबईच्या केशव साठे यांचा आणि सतार दिवाण मोतीहार यांची. जमैकन सॅक्सोफोन आणि मराठी हाताचा तबला एकाच खोलीत, तेही साठ वर्षांपूर्वी. आपल्याकडे साठे यांच्यावर फारच कमी लिहिले गेले आहे, याची खंत वाटते.

जुनी रेकॉर्ड हाती आली तर ओळखायची आणि जपायची कशी?

मधले भोक पाहा. जमैकन 7 इंची रेकॉर्डला बहुधा 38 मिलिमीटरचे मोठे भोक असते, अडॅप्टर लागतो; ब्रिटिश छपाईला साधारण 7 मिलिमीटरचे. लेबलवर विश्वास ठेवू नका: चुकीची नावे, उलट्या बाजू, एकाच गाण्याची दोन नावे हे नेहमीचे. खोबणी संपते तिथे कोरलेला क्रमांक भिंगाने वाचा आणि तोच नोंदींशी ताडा.

धुताना एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, उभी ठेवून वाळवा. लेबल ओले होऊ देऊ नका. डबप्लेट आणि 78 फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डना अल्कोहोल कधीही लावायचे नाही, लाख विरघळते. 78 साठी सुईही वेगळी, सुमारे 75 मायक्रॉनची. 45 ची सुई 18 मायक्रॉनच्या आसपास असते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकऐवजी कागदी पाकिटात, उभ्या, भिंतीपासून दूर. जमैकन छपाईत पुनर्वापराचे व्हिनाइल असे. काही खरखर जन्मजात असते, ती घासून जाणार नाही.

सुरुवात कुठून करू?

शोधताना नुसते ‘रेगे’ लिहिले तर आडनावेच समोर येतात. वादकाचे नाव आणि शहर एकत्र टाका. पहिल्या आठवड्यात ‘विशबोन’, ‘डान्स हॉल स्टाइल’ आणि रिकोचा ‘मॅन फ्रॉम वारिका’ एवढेच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर बेस येतच नाही आणि उरलेले गाणे पोकळ वाटते. बरे हेडफोन लावा, आणि पहिल्या फेरीत फक्त बेसच्या मागे जा.